रेंज गेली की आधी स्वतःच्याच नंबरवर फोन लावा

प्रश्न असा आहे: "बाबा एकाहत्तर वर्षांचे, ठाण्यात नौपाड्यात एकटे राहतात. मी नवी मुंबईत, घणसोलीला. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या फोनची रेंज गेली. टॉवरचं काम चालू असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. आज सोमवारी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलो तेव्हा कळलं, त्यांच्या नंबरचं दुसरं सिम शनिवारीच निघालंय. बँकेत पासबुक भरलं तर रविवारी संध्याकाळी ३ लाखांची एफडी ऑनलाइन मोडलेली आणि पाठोपाठ तीन खेपांत २ लाख ८५ हजार गेलेले. ओटीपी कुणालाच सांगितला नाही असं बाबा देवाशपथ सांगतात. बँकेतले म्हणतात, ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत, म्हणजे तुम्हीच दिला असणार. आता काय करू? नंबर बदलू का? आधार रद्द करता येतं का?"

आधी बाबांचं. ते खरं सांगतायत. ओटीपी त्यांच्याकडे आलाच नाही तर देणार कुठून? तो आला चोराच्या फोनमधल्या सिमवर. मी बावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ तक्रारीच्या टेबलावर. "तुम्हीच दिला असणार" हे वाक्य रोज कानावर पडायचं, आणि सुरुवातीच्या काळात, खोटं कशाला बोलू, एकदोनदा माझ्याही तोंडून गेलंय. तेव्हा बँकेतल्या त्या मुलावर डाफरू नका, पण त्याचं ऐकून घरीही येऊ नका.

तुम्ही सोमवारी रात्री लिहिताय, म्हणून उद्या सकाळचंच आधी सांगते. बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या लिहिण्यात १९३० चा, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा, उल्लेख नाही, म्हणजे बहुधा लावलेला नाही. हे वाचता वाचताच लावा, सकाळची वाट बघू नका. फोन लावताना बाबांचा खाते क्रमांक, तिन्ही व्यवहारांची वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक समोर ठेवा. पासबुकावर किंवा स्टेटमेंटवर तो लांबलचक आकडा असतो. १९३० वर तक्रार पडली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते, आणि तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल ती रोखून धरतात. पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून ते एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात सरकतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात. एक दिवस उलटून गेलाय हे खरं. पण दोन दिवसांनी केलेल्या तक्रारीतही मधल्याच एखाद्या खात्यात तीस-चाळीस हजार अडकलेले सापडल्याचं मी पाहिलंय. फोनवर तक्रार झाली की पोचक्रमांकाचा मेसेज येतो. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जाऊन तीच तक्रार पूर्ण भरायची, कागद जोडायचे. मोबाइल तुमचा द्या, बाबांचा नंबर नको.

आता बँक. तोंडी सांगणं म्हणजे न सांगणं. उद्या शाखा उघडायच्या वेळेला दारात उभे राहा, पत्राच्या दोन प्रती घेऊन, आणि एका प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या. हे उद्याच का, तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. त्यात म्हटलंय की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या तिसऱ्याच माणसाने डल्ला मारला, आणि ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांची झळ. सातच्या पुढे गेलात की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सोडलेलं. रविवार सोडा, सोमवार, मंगळवार, बुधवार. म्हणजे उद्या, फार तर परवा. नियम असाही आहे की हे दिवस ग्राहकाला व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून मोजायचे, आणि इथे सूचनेचा मेसेज चोराच्या सिमवर गेला. हा मुद्दा हाताशी ठेवा, पण त्याच्या भरवशावर दिवस घालवू नका.

ठाण्यात बऱ्याच ज्येष्ठांची खाती सहकारी बँकांत असतात. तुमचंही तसं असेल आणि "ते परिपत्रक आम्हाला लागू नाही" असं कुणी म्हणालं, तर १४ डिसेंबर २०१७ चं वेगळं परिपत्रक सहकारी बँकांसाठीच आहे हे शांतपणे सांगा.

पत्रात गोष्ट लिहू नका. मी टेबलावर होते तेव्हा चार-चार पानी पत्रं यायची, त्यात मुलीचं लग्न, हृदयाचं ऑपरेशन, सगळं असायचं. फक्त व्यवहार क्रमांक नसायचा. एवढंच लिहा: "माझ्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकाचं सिम अमुक तारखेला माझ्या संमतीविना बदलण्यात आलं. त्यानंतर खालील तीन व्यवहार व एक मुदत ठेव मोडण्याचा व्यवहार झाला. हे चारही व्यवहार मी केलेले नाहीत. ग्राहकाने व्यवहार केला हे सिद्ध करण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेवर आहे. नियमानुसार १० कामाच्या दिवसांत रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढावी." खाली व्यवहारांचं कोष्टक, १९३० चा पोचक्रमांक, सही. त्या "सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर" या वाक्याने समोरच्याचा सूर बदलतो. "तुम्हीच दिला" म्हणणाऱ्याला आता ते दाखवावं लागतं. शिवाय त्याच पत्रात मागा: ऑनलाइन बँकिंगचं लॉगिन कुठल्या उपकरणावरून झालं, पासवर्ड कधी बदलला, नवा लाभार्थी कधी जोडला, याची नोंद. आयुष्यात कधी ऑनलाइन एफडी न मोडलेला माणूस रविवारी संध्याकाळी नव्याच फोनवरून एफडी मोडतो आणि लगेच अनोळखी खात्यात पैसे पाठवतो, हे बँकेच्या यंत्रणेला खटकायला हवं होतं. का खटकलं नाही, हा प्रश्न त्यांना पडू दे.

तिसरा कागद मोबाइल कंपनीला. बदली सिमचा अर्ज, त्यावर लावलेला फोटो, ओळखपत्र, कुठल्या दुकानातून कुठल्या वेळी निघालं, हे सगळं जपून ठेवावं असं लेखी द्या, पोच घ्या. ते कागद तुमच्या हातात देणार नाहीत, पोलिसांना देतील. पण दुकानातलं सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून घाई.

मग पोलीस. बाबा ठाण्यातले, तुम्ही नवी मुंबईतले, सिम निघालं असेल तिसऱ्याच शहरात आणि पैसे गेले असतील भलत्याच राज्यात. "आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकायची तयारी ठेवा आणि ऐकल्यावर उठू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. बाबा राहतात तिथल्या पोलीस ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क हे दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आणि ६६ ड हे संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा नोंदवण्याचा एक व्यवहारी फायदा म्हणजे कुठल्या खात्यात काही रक्कम रोखलेली असली, तर ती परत मिळवायला बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि तिथे पोलिसांचा कागद मागतात.

बँकेने नकार दिला किंवा ३० दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, तक्रार ऑनलाइन होते. चौकशीसाठी १४४४८ आहे. आणखी एक दार आहे ज्याची माहिती बँकवाल्यांनाही नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा न्यायनिर्णय अधिकारी असतो. ५ कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे तो ऐकतो, आणि तिथे बँकेसोबत मोबाइल कंपनीलाही समोर उभं करता येतं. सिम बदलीच्या प्रकरणात हे मोठंच हत्यार आहे, कारण खरी ढिलाई बहुतेक वेळा सिम देणाऱ्या काउंटरवर झालेली असते.

आणि सावध राहा: येत्या पंधरवड्यात कुणीतरी फोन करेल, "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फाइलचे पाच हजार भरा." हे त्याच माळेतले मणी. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

एवढं झालं की श्वास घ्या. आता घडलं कसं ते बघू.

सिमची बदली हा चोरीचा शेवटचा अंक असतो. नाटक दोन-चार आठवडे आधी सुरू झालेलं असतं. चोराला तीन गोष्टी लागतात: माणसाची ओळख, बँकेत शिरायची खूण, आणि नंबर. पहिल्या दोन गोष्टी आपण जाता-येता सांडत असतो.

मागच्या वर्षी वाशीला एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. पुढे एक जोडपं, घर भाड्याने घेत होतं. दुकानदार सवयीने म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅप करा या नंबरवर, प्रिंट काढतो." त्यांनी दोघांची आधार, पॅन, पगाराची चिठ्ठी धडाधड पाठवली. दुकानदाराने डाउनलोड्सचा फोल्डर उघडला आणि मी गल्ल्यावरून वाकून पाहिलं, सवय जात नाही. वरपासून खालपर्यंत लोकांची आधार कार्डं. फोटो, जन्मतारीख, पत्ता, सगळं. काहींच्या मागे कॅन्सल केलेला चेक. तो दुकानदार बिचारा चोर नव्हता. तो फक्त कधीच काही डिलीट करत नव्हता. त्या संगणकावर दिवसभर चार पोरं बसतात.

नवी मुंबईत तर भाडेकराराचं चक्रच अकरा महिन्यांनी फिरतं. एजंट घरी येतो, थंबचं मशीन घेऊन येतो, आधारवर अंगठा घेतो, कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढतो, आणि पुढच्या वर्षी तोच किंवा दुसराच. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत नाव, फ्लॅट, मोबाइल नंबर एका ओळीत. कुणालाही मागची पानं उलटता येतात. मॉलमधल्या गाडीच्या सोडतीची चिठ्ठी. यातली कुठलीच गोष्ट एकटी घातक नाही, पण जुळवली की माणूस उभा राहतो.

दुसरी गोष्ट, बँकेत शिरायची खूण, ही हल्ली एका फाइलीतून जाते. "तुमच्या गाडीचं चलन थकलंय", "उद्या गॅस तोडणार", "लग्नाला यायचं हं" असा मेसेज आणि खाली एपीके नावाची फाइल. ती टिचकली की फोनमध्ये एक अ‍ॅप बसतं, मेसेज वाचायची परवानगी घेतं आणि गप्प राहतं. बाबांचा फोन आज रात्री हातात घ्या, पण दरडावू नका. अ‍ॅप्सच्या यादीत अनोळखी काही आहे का बघा, असेल तर उडवण्याआधी स्क्रीनचे फोटो काढा आणि पोलिसांनी बघेपर्यंत फोन फॉरमॅट करू नका. आपल्याकडचं चलन खरं की खोटं हे गाडीचा नंबर घालून वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आपणच बघायचं असतं. तिथे अ‍ॅपची फाइल कुणी धाडत नाही.

तिसरी गोष्ट नंबर. कधी कागदी बनावट आधार घेऊन दुकानात जातात, कधी ई-सिमची, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच चालणाऱ्या सिमची, विनंती टाकतात. ई-सिमच्या प्रकारात समोरून फोन येतो, "सर, तुमचं सिम ५-जीला अपग्रेड करतोय, आलेल्या मेसेजला १ म्हणून उत्तर द्या." माणूस १ दाबतो आणि स्वतःच्या हाताने नंबर देऊन बसतो, ओटीपी न सांगता. बाबांचे शुक्रवार-शनिवारचे मेसेज उघडून बघा. सिम बदलीची विनंती आली की जुन्या सिमवर कंपनीचा मेसेज किंवा फोन येतो, "विनंती तुमची नसेल तर कळवा" अशा अर्थाचा. तो बहुधा तिथेच असेल, न वाचलेला, लोनच्या आणि लॉटरीच्या सतरा मेसेजांच्या मध्ये. मी ज्यांचे फोन पाहिले त्यांतल्या बऱ्याच जणांकडे तो मेसेज होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. सिम शनिवारी चारला निघालं आणि पैसे रविवारी संध्याकाळी गेले. मध्ये एक अख्खा दिवस चोर काय करत होता? वाट बघत होता. दूरसंचार विभागाच्या नियमाप्रमाणे नवं सिम चालू झालं की पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. हा नियम नेमका अशा चोऱ्यांसाठीच आणलाय. त्या चोवीस तासांत बाबांनी एक फोन केला असता तर एफडी जागेवर होती. त्यांना दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपण गेली दहा वर्षं "ओटीपी सांगू नका, ओटीपी सांगू नका" एवढाच जप केला. रेंज गेली तर काय समजायचं हे कुणी शिकवलं नाही. शनिवार-रविवार निवडण्यामागेही हेच: शाखा बंद, गॅलरीत गर्दी, आणि लोक म्हणणार सोमवारी बघू.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ करवा. रेंज गेली, घरातल्या दुसऱ्या फोनला आहे, खिडकीशी गेलं, फोन बंद करून चालू केला, दहा मिनिटं झाली तरी नाही. मग शेजाऱ्याच्या फोनवरून स्वतःच्याच नंबरला रिंग द्या. "स्विच्ड ऑफ" किंवा "कव्हरेज क्षेत्राबाहेर" ऐकू आलं तर बहुधा टॉवर, सिम किंवा फोनची भानगड. तरी कंपनीला विचारून घ्या. पण तुमच्या हातातला फोन मेलेला असताना पलीकडे बेल वाजली, तर तुमचा नंबर दुसऱ्या कुणाच्या खिशात वाजतोय. त्या क्षणी शेजाऱ्याच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करा, दुसऱ्या माणसाला बँकेच्या हेल्पलाइनवर बसवा, खातं गोठवा. एफडीसुद्धा सांगायला विसरू नका. हेल्पलाइनचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. डेबिट कार्डाच्या पाठीवर असतो तो घ्या, आणि आजच एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर फोन मेल्यावर काय कामाचा?

एक धडा माझ्या स्वतःच्या घरचा. सासूबाईंची रेंज गेली तेव्हा मी, नऊ वर्षं हेच काम केलेली बाई, त्यांना म्हटलं, "आई, घोडबंदरला असंच असतं." मेट्रोच्या खांबांना दोष देऊन भाजी निवडत बसले. दोन तासांनी डोक्यात प्रकाश पडला आणि धावले. त्यांचं रिचार्ज संपलं होतं, एवढंच. पण ते दोन तास अजून आठवले की घाम फुटतो.

पुढची सोय. नंबर बदलू नका. नंबर बदलला की पेन्शन, गॅस, पॅन, आधार, विमा सगळीकडे धावायचं, आणि एखादी जागा राहिली की जुना नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. किमान ९० दिवस थांबतात, मग देतात. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या नव्या माणसाला. तोच नंबर बाबांच्या हातातल्या नव्या सिमवर चालू करून घ्या आणि सिमला पिन घाला. सेटिंगमध्ये सिम लॉक असतं. पिनने बदली सिम थांबत नाही हे लक्षात असू द्या, पण फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेऊ शकत नाही. तीनदा चुकलात तर सिम अडकतं आणि कंपनीचा पीयूके आकडा लागतो, म्हणून पिन आठवणीत राहील असा निवडा. जन्मसाल सोडून.

लोक सल्ला देतात की बँकेसाठी वेगळा नंबर घ्या, साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवा. माझं मन घेत नाही. कपाटातल्या फोनची रेंज गेली तर कळणार कुणाला? चार्जिंग संपतं, रिचार्ज संपतं आणि एक दिवस नंबरच जातो. वेगळा नंबर ठेवायचाच तर तो रोज खिशात फिरणाऱ्या फोनमध्ये दुसरं सिम म्हणून ठेवा.

त्याहून उपयोगी म्हणजे सूचनांची दुसरी वाट. बँकेत अर्ज देऊन प्रत्येक व्यवहाराचा ईमेल तुमच्या पत्त्यावर येईल असं करा. सिम पळवलं तरी तुमचा ईमेल त्याने बंद होत नाही. बाबांनी एफडीवाल्या खात्यापुरता तुमचा ईमेल लावला असता तर रविवारी संध्याकाळी पहिल्या मिनिटाला तुमचा फोन वाजला असता. स्वतःच्या ईमेललाही दुहेरी तपासणी (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) लावा, आणि तीही शक्यतो एसएमएसवर नको. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन घाला, नाहीतर नंबर हातात आला की चोर बाबांच्या नावाने आत्याकडे पैसे मागतो.

एफडी ऑनलाइन मोडता येणार नाही, शाखेत यावं लागेल, अशी सोय तुमच्या बँकेत आहे का विचारा. अनेक बँकांत अर्जावर मिळते. रोजच्या देण्याघेण्याची मर्यादा उतरवून घ्या. एकाहत्तराव्या वर्षी दिवसाला पाच लाख पाठवायची गरज कुणाला असते? कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार अ‍ॅपमधून बंद करता येतात. यूपीआयला वेगळं छोटं खातं जोडा, भाजीपाल्यापुरतं, पेन्शनचं खातं त्यापासून लांब.

आधार रद्द होत नाही, आणि करायची गरजही नाही. त्याला कुलूप लावता येतं. आधारच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठा, डोळे, चेहरा कुणाला वापरता येणार नाही. आधारवर अंगठा लावून पैसे काढायची सोय आहे, एका वेळी १० हजारांपर्यंत, तीत ओटीपी लागत नाही. कागदावरचे अंगठे उचलून सिलिकॉनचे ठसे बनवून लोकांची खाती धुतलेली आहेत. तिथेच मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी दिसते. शनिवारची नोंद त्यात आहे का बघा, पोलिसांना उपयोगी पडेल. झेरॉक्स द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या आणि त्यावर आडवं लिहा, कशासाठी आणि कुठल्या तारखेला. अक्षरं थोडी फोटोवर चढवा. दुकानात व्हॉट्सअ‍ॅप करावंच लागलं, तर प्रिंट हातात आल्यावर "दादा, डिलीट करा" म्हणून तिथेच उभे राहा. थोडं लाजल्यासारखं होतं, पण कुणी नाही म्हणत नाही.

संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर बाबांचा नंबर टाकला की त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आपल्याकडे एका नावावर नऊपर्यंत चालतात, त्यामुळे चौथं-पाचवं भलत्याच कुणाचं असू शकतं. जो आपला नाही त्याच्यापुढे "माझा नंबर नाही" ही खूण करा. अशा सिमवरून कुणी दुसऱ्याला फसवलं तर पोलीस आधी बाबांच्या दारात येतील. फोनच हरवला तर तो बंद पाडायची सोयही तिथेच आहे, त्यासाठी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवा.

आणि ज्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते: बाबांच्या पॅनवर कर्ज. ओळख एकदा बाहेर गेली की सहा महिन्यांनी कुठल्यातरी अ‍ॅपचं कर्ज उगवतं. देशात पत माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढा, वर्षभर पहारा राहतो. न घेतलेलं कर्ज दिसलं तर कंपनीकडे लेखी हरकत घ्या; ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे.

फोन येतात त्यांचं थोडक्यात. बँकेच्या कामाचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येऊ लागलेत, जाहिरातीचे १४० ने. दहा आकडी मोबाइलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. व्हिडिओ कॉलवरून करतात ती डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. कुणी स्टार, आकडे, हॅश दाबायला सांगितलं तर दाबू नका, त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात. दाबून झालं असेल तर ##००२# डायल करा, वळवलेले सगळे कॉल सुटतात.

शेवटी बाबा. त्यांचा फोन काढून घेऊ नका, आणि नातेवाइकांत हा विषय जेवणाच्या ताटावर चघळू नका. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पैशांपेक्षा "सुनेला काय सांगू" हीच चिंता जास्त होती, आणि म्हणूनच त्यांनी दोन-दोन दिवस लपवलं. बँकेत जाताना त्यांना बरोबर न्या, सही त्यांनाच करू द्या, पत्र त्यांनाच द्यायला लावा.

आणि एक आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जाल तेव्हा निघण्याआधी आधारचं लॉक उघडा. रेशनला अंगठा लावत असाल तर त्याही दिवशी. नाहीतर तासभर रांगेत उभं राहून बाबा घरी येऊन सांगतील, मशीन माझा अंगठाच घेत नाही.